घरातील अभ्यासिका आणि पडद्यांची मांडणी

लेखन-वाचन हा बैठा व्यवसाय असून त्याची किंमत शरीरास मोजावी लागते, ही गोष्ट नवीन नव्हे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी ह्याने व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींचा स्वतंत्र विचार केला आहे. सतत बसणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि मनावरील ताण अशी तीन कारणे तो सांगतो. ही तिन्ही कारणे आजच्या संशोधकासही जशीच्या तशी लागू पडतात. मार्च २०२० मधील टाळेबंदीपासून आपले बरेचसे काम घरातील एखाद्या मेजावर, लॅपटॉपसमोर होऊ लागले आहे. प्रबंधलेखन तर वर्षानुवर्षे चालते. यास्तव लॅपटॉप व त्यास जोडलेले मॉनिटर कोठे व कसे ठेवावेत, ह्या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणे अगत्याचे आहे.

लॅपटॉपचे मूळ वैगुण्य त्याच्या बिजागरीत आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या ‘ग्रिड कंपास’ ह्या यंत्रापासून पडदा व कळफलक एकमेकांस जखडलेले आहेत. प्रवासात ही सोय होय; दिवसभराच्या कामात मात्र तीच अडचण ठरते. कारण हात कोपराच्या उंचीवर असावे लागतात, तर दृष्टी त्याहून बरीच वर असते. हातास सोयीचे ते डोळ्यास गैरसोयीचे होते. समजा, मेजाच्या पृष्ठभागापासून डोळ्यांची उंची ४३ सेंटिमीटर आहे. चौदा इंची लॅपटॉप मेजावर ठेवला असता त्याच्या पडद्याचा मध्य सुमारे १२ सेंटिमीटर उंचीवर येतो. पडदा ५५ सेंटिमीटर अंतरावर असेल, तर दृष्टी क्षितिजरेषेच्या जवळजवळ ३० अंश खाली वळवावी लागते. एवढा कोन केवळ डोळे वळवून साधणे कष्टाचे असल्याने मान पुढे झुकते. केनेथ हंसराज ह्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार, सरळ स्थितीत सुमारे ५ किलोग्रॅम असणारा मस्तकाचा भार मान १५ अंश झुकताच मणक्यांवर सुमारे १२, आणि ६० अंशांत सुमारे २७ किलोग्रॅम होतो. हे प्रत्यक्ष मोजमाप नसून प्रतिमानावरील गणित आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि त्याची दिशा स्पष्ट आहे.

युरोपीय समुदायाने १९९० साली पडद्यावरील कामासंबंधी जो निर्देश काढला, त्यात कळफलक पडद्यापासून अलग असावा असे म्हटले आहे. दीर्घकाळ वापरली न जाणारी सुवाह्य यंत्रे तेवढी त्यातून वगळली आहेत. ह्या सवलतीचा मथितार्थ असा की, लॅपटॉप घटकाभर वापरावा तसा वापरला तर हरकत नाही. तो रोजचे मेज झाला की त्यास मेजाचे नियम लागू झाले पाहिजेत. म्हणून पहिली पायरी पडदा आणि कळफलक ह्यांची फारकत ही होय. लॅपटॉपखाली १५ सेंटिमीटर उंचीचा आधार द्यावा; जाड ग्रंथांची चळतही चालेल, मात्र यंत्राची हवा खेळण्याची छिद्रे मोकळी राहावीत. कळफलक व माऊस वेगळे जोडावेत. एवढ्याने वरील कोन १६ अंशांवर येतो. दुसरा मॉनिटर घेण्यापूर्वी हा अल्प खर्च करणे अधिक श्रेयस्कर आहे.

परंतु पडदा जितका उंच तितका चांगला, असाही निष्कर्ष काढता येत नाही. त्सुबोता व नाकामोरी ह्या जपानी संशोधकांना १९९३ साली असे आढळले की, स्वस्थ स्थितीत मिनिटाला सरासरी २२ वेळा लवणाऱ्या पापण्या पुस्तक वाचताना १० वेळा, तर पडद्यासमोर केवळ ७ वेळा लवतात. दृष्टी वर असली की डोळा अधिक उघडा राहतो आणि लवकर कोरडा पडतो. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित खाली असावी, असा जो सामान्य नियम आहे, त्याचे एक कारण हे होय. द्विनाभीय अथवा प्रगामी भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांनी पडदा याहूनही खाली घ्यावा. अन्यथा भिंगाच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी सतत वर उचलावी लागते.

आता दुसऱ्या पडद्याचा प्रश्न. दोन पडदे कशासाठी, ह्याचे उत्तर संशोधनाच्या परंपरेतच सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जे तुलनातक्ते केले जात, त्यांची रीत वि. सी. सुकथनकर ह्यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत वर्णिली आहे. वरच्या ओळीत प्रचलित पाठ लिहीत व त्याखाली प्रत्येक हस्तलिखितातील पाठभेद अक्षरशः त्याच स्तंभात नोंदवीत. ज्यांची तुलना करावयाची ते एका दृष्टिक्षेपात यावे, हे त्यामागील तत्त्व. पडद्यांची मांडणीही त्याच तत्त्वावर व्हावी: मेजाच्या आकारावरून नव्हे, तर नजर कोठून कोठे व किती वेळा जाते ह्यावरून.

यावरून दोन प्रकार संभवतात. बहुतेक वेळ लेखनातच जात असेल, तर मोठा मॉनिटर नाकासमोर आणि लॅपटॉप बाजूस, आतल्या अंगास वळवून ठेवावा. त्यावर शब्दकोश, पत्रव्यवहार इत्यादी प्रासंगिक गोष्टी असाव्यात. मूळ साधन व टिपण ह्यांत दृष्टी सारखीच फिरत असेल, तर समान आकाराचे दोन मॉनिटर घेऊन त्यांचा सांधा समोर आणावा. चोवीस इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो. असे दोन पडदे ६० सेंटिमीटर अंतरावर एका सरळ रेषेत मांडल्यास त्यांच्या बाहेरच्या कडा डोळ्यांपासून ८० सेंटिमीटर दूर जातात व तेथील अक्षर लहान दिसते. म्हणून दोहोंचा किंचित कमानदार कोन करावा. मॉनिटर लॅपटॉपच्या डोक्यावर ठेवण्याची रीत जागा वाचवते खरी. पण त्यामुळे मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या ९-१० सेंटिमीटर वर जाते. मुख्य पडद्यासाठी ती टाळावी.

आणखी तीन सूचना. खिडकी पडद्याच्या मागे वा पाठीशी नसून बाजूस असावी. दोन्ही पडद्यांवरील अक्षरांचा आकार समान करून घ्यावा. देवनागरीतील अनुस्वार, रफार व उकार बारीक अक्षरांत निसटतात, आणि मुद्रिते तपासताना त्याचीच शिक्षा भोगावी लागते. तिसरे, संगणकाच्या रचनेत पडद्यांचा क्रम मेजावरील क्रमाशी जुळवावा. नाही तर डावीकडे नेलेला दर्शक उजवीकडे प्रकटतो.

शेवटी मर्यादा सांगितली पाहिजे. झूरिकचे एतिएन ग्रांजां व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८३ साली प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना मेज व पडदा स्वतःच्या सोयीने लावू दिला, तेव्हा बहुतेकांनी पाठ्यपुस्तकातील ताठ बैठक न स्वीकारता किंचित मागे रेलणे पसंत केले. तात्पर्य, वरील आकडे प्रारंभबिंदू होत. अंतिम निर्णय ज्याच्या त्याच्या शरीराने द्यावयाचा आहे. उत्तम मांडणीही तासन्‌तास एकाच स्थितीत बसण्याचा दोष दूर करू शकत नाही. तथापि प्रबंध पुरा होताना मान व डोळे शाबूत राहावेत, अशी ज्याची इच्छा असेल, त्याने आधी आसन, मग हात, मग दृष्टी आणि सर्वांत शेवटी पडदे, ह्या क्रमाने विचार करावा. आपण बहुधा हा क्रम उलटा धरतो, आणि तेथेच चूक होते.