वाचकाचा प्रश्न आणि कपाटाची किल्ली

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यांचे मासिक हाती धरलेले लोक मात्र आता विरळा. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईस विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे हा प्रचार की प्राध्यापकी असा सवाल उभा राहिला, तेव्हा १९२५ साली त्यांनी प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. शेवटचा निघाला नोव्हेंबर १९५३ मध्ये, म्हणजे कर्वे वारल्यावर महिन्याभराने. इतकी वर्षे हे मासिक एका माणसाने पदरमोड करून चालविले.

या मासिकात एक सोय होती. वाचकाने प्रश्न लिहून पाठवावा आणि कर्व्यांनी उत्तर छापावे. ही सोय किती मोठी, हे ज्याला प्रश्न पडलेला आहे त्यालाच कळेल. घरी विचारता येत नाही, मास्तरांना विचारता येत नाही, डॉक्टरापुढे जीभ उचलत नाही, असा माणूस पोस्टाचे तिकीट लावून एका गणिताच्या प्राध्यापकाला विचारी, आणि प्राध्यापक त्याला लाज न घालता उत्तर देत.

या मासिकावर खटले झाले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखासाठी कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली त्यांना पुन्हा न्यायालयात उभे केले, आणि या दुसऱ्या खटल्याकडे आम्हांला आज श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे. या वेळी आरोप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे त्या प्रश्नांचे विषय होते. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

बाबासाहेबांच्या हाती त्या काळात कामे थोडी नव्हती. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी ज्या खटल्यात कीर्ती मिळण्याऐवजी चिखलच अंगावर येणार, तो त्यांनी का घ्यावा? त्यांनी न्यायालयात केलेला युक्तिवाद हेच त्याचे उत्तर होय. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील झाले असे नव्हे, असे त्यांनी मांडले. वाचक प्रश्न विचारतात, तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे. प्रश्न विकृत आहे असे कोणास वाटत असेल, तर ती विकृतीसुद्धा ज्ञानानेच जाईल, गप्प बसविण्याने जाणार नाही. समलिंगी माणसांविषयी हॅवलॉक एलिस यांनी केलेल्या संशोधनाचा आधारही त्यांनी दिला. असा कल निसर्गतःच ज्यांच्या ठायी आहे त्यांचे काही चुकते असे मानू नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सन १९३४! न्यायालयाला ते पटले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहू. अश्लील लिखाण छापणे व विकणे हा भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमाखाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून ही संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि तोच गुन्हा तिच्या २९४ व्या कलमात बसला. परंतु अश्लील म्हणजे काय, हे ठरविण्याची मोजपट्टी कलमात फारशी नव्हती, ती इंग्लंडातल्या १८६८ च्या एका निकालातून आली. त्या निकालास हिकलिन निकाल म्हणतात. त्याचा सारांश असा की, ज्यांची मने अशा गोष्टींनी बिघडण्याजोगी आहेत त्यांच्या हाती हे लिखाण पडले तर ती बिघडतील काय, एवढेच पाहावे. म्हणजे शहाण्या, प्रौढ वाचकाचा विचार करायचा नाही. सर्वांत कच्चा वाचक शोधायचा आणि त्याच्या मापाने सगळ्या गावाला कपडे शिवायचे!

हा कच्चा वाचक कोण? विद्वान माणसे त्याचे नाव सहसा घेत नाहीत. १९६० साली लंडनला ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवर खटला चालला तेव्हा सरकारी वकिलाने ते चुकून बोलून टाकले. हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा नोकरांनी वाचलेले तुम्हांला चालेल काय, असे त्याने ज्यूरीतील लोकांना विचारले. पुस्तकाची महागडी आवृत्ती असती तर कदाचित एवढा गवगवा झाला नसता. प्रकाशकांनी ते साडेतीन शिलिंगांना काढले होते, म्हणजे कारखान्यातल्या माणसालाही परवडेल अशा किमतीला. ज्यूरीत बसलेल्यांना तो प्रश्न ऐकून हसू आले असल्यास नवल नाही. त्यांनी प्रकाशकाला निर्दोष ठरविले. आपल्याकडे मात्र तेच पुस्तक विकल्याबद्दल मुंबईतल्या विक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली आणि हिकलिनची मोजपट्टीही कायम ठेवली. ती टाकून, आजच्या समाजाच्या साधारण माणसाची दृष्टी धरावी, असे त्याच न्यायालयाने म्हणावयास २०१४ साल उजाडले.

आम्ही कामगारांत तीस वर्षे वावरलो. कच्चा वाचक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवितात तो आम्हांला रोज भेटतो. मोल्डिंगच्या खात्यात आठ तास उष्णता सोसून तो वाचनालयात येतो, आणि तो कच्चा आहे असे आम्हांला कधी दिसले नाही. त्याला वेळ कमी असतो, एवढेच.

तर पुस्तकाला आधी परवानगी लागत नाही, नंतर खटला होतो. नाटकाची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये या मंडळाशी झगडले आणि उच्च न्यायालयातून सुटले, हे जुन्या प्रेक्षकांना आठवेल. त्याच विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी कॉलेजातली तरुणी ही त्यातली नायिका. भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मराठी प्रेक्षकाला नाट्यगृहात बसून ही गोष्ट पाहता आली, हे मोठेच काम झाले. पण नायिकेचा शेवट आत्मनाशात होतो, आणि तिच्यासारखी कोणी मुलगी त्या अंधारात प्रेक्षकांत बसली असेल तर तिने घरी काय नेले, हा विचार आमच्या मनातून जात नाही. तेंडुलकरांचा यात दोष नाही. नाटककार जे दिसते ते लिहितो.

चित्रपटाला तर परवानगी मिळूनही भागत नाही. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ला सेन्सॉर मंडळाने १९९८ साली मंजुरी दिलेली होती. दोन जावांमधील प्रेम त्यात आहे. डिसेंबरात मुंबईच्या चित्रपटगृहांत मोडतोड झाली, चित्रपट फेरतपासणीला गेला, आणि पुढच्या वर्षी काहीही न कापता परत आला. म्हणजे आक्षेप घ्यावा असे त्यात काही सापडले नव्हते. इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’ या उर्दू कथेचे असेच झाले. १९४२ ची ही कथा. मुंबईत राहणाऱ्या लेखिकेला खटल्यासाठी लाहोरला जावे लागले, आणि तेथे फिर्यादीच्या साक्षीदारांना कथेतला एकही शब्द अश्लील म्हणून नीट दाखविता आला नाही. त्या सुटल्या. वाईट शब्द नव्हताच, विषय नको होता. कायद्याला शब्द लागतो. माणसाला विषय खुपतो.

येथवर खटले, मंडळे आणि मोडतोड यांविषयी सांगितले. पण बंदीची आणखी एक जात आहे. तिला हुकूम लागत नाही, सही-शिक्का लागत नाही. तिचे उदाहरण आम्ही दूरचे, अगदी आकाशातले घेतो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका लागे. गल्लीत ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी पोरे जमत, त्यांत आम्हीही होतो. इंग्रजी निम्मे कळत नसे. यान मात्र कळे. मालिका मूळची १९६६ सालची. भविष्यकाळातले हे यान ताऱ्याताऱ्यांवर फिरते, आणि त्यावरचे लोक कोण? काळी स्त्री अधिकारी आहे, जपानी वंशाचा सुकाणूवाला आहे. अमेरिका-रशिया एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून असताना रशियन तरुणसुद्धा तेथे आहे. १९६८ साली त्यात गोऱ्या पुरुषाने काळ्या स्त्रीचे चुंबन घेतलेले दाखविले. अमेरिकेच्या त्या वेळच्या मानाने ही धाडसाची गोष्ट होती. जेथे माणसाची सर्व जुनी भांडणे मिटलेली आहेत असा काळ दाखवायचा, हीच त्या मालिकेची प्रतिज्ञा.

मग त्या यानावर समलिंगी माणूस कोठे होता? होता तर! सुकाणूवाल्या सुलूची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई हे स्वतः तसे होते. लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचे म्हणून त्यांना कुटुंबासह अमेरिकन छावणीत कोंडले होते. आपल्या वंशाचा माणूस त्यांना पडद्यावर उभा करता आला. पण आपले दुसरे सत्य त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २००५ साली. २०१६ च्या चित्रपटात सुलूला नवरा आणि मुलगी असल्याचे दिसले. यानावर नेमणुकीस असलेले समलिंगी जोडपे, एक डॉक्टर व एक शास्त्रज्ञ, मालिकेत आले ते २०१७ साली. प्रकाशाहून वेगाने जाणारे यान कल्पायला लेखकांना १९६६ साली अडचण पडली नाही. हे जोडपे कल्पून पडद्यावर आणायला एक्कावन्न वर्षे लागली. कोणत्याही न्यायालयाने त्यांना मनाई केली नव्हती. लिहिणाऱ्यांना, पैसे घालणाऱ्यांना, दाखविणाऱ्यांना आपापल्या ठिकाणी वाटत राहिले की, लोकांना हे चालायचे नाही. त्याच अमेरिकेत अलीकडे शाळांच्या वाचनालयांतून पुस्तके काढण्याची लाट आली आहे. २०२३-२४ या एका शालेय वर्षात ‘पेन अमेरिका’ या लेखकसंस्थेने अशा दहा हजारांहून अधिक नोंदी मोजल्या. काढलेल्या पुस्तकांत समलिंगी माणसांविषयीची पुस्तके पुष्कळ आहेत.

अमेरिकेला नावे ठेवणे सोपे. आता घरचे सांगतो.

कामगारांच्या एका लहानशा वाचनालयाच्या समितीवर आम्ही होतो. २०१३ साली दुकानदाराने यादीतून दिलेल्या पुस्तकांत सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली. मराठी कादंबरी, २००६ ची. पुण्याच्या एका घरातली बहीण आणि भाऊ दोघेही घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, अशी हकीकत. पुस्तक चार-पाच जणांनी नेले, काही बोभाटा झाला नाही. मग ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ३७७ व्या कलमाची धार काढली होती, ती या निकालाने परत लागली. समितीच्या बैठकीत एक सभासद म्हणाले, “आता हा गुन्हा झाला. गुन्ह्याचं पुस्तक फळीवर कसं ठेवायचं?”

खरे पाहता ३७७ व्या कलमात पुस्तकाचा उल्लेख नव्हता. ते कलम कृतीविषयी होते. खुनाच्या कादंबऱ्यांनी दोन फळ्या भरल्या होत्या आणि खून तर केव्हापासून गुन्हा आहे! हे आम्हांला त्या क्षणी सुचायला हवे होते. बोनसच्या वाटाघाटीत मालकाच्या वकिलाला कलम दाखवून गप्प करणारे आम्ही, तेथे गप्प बसलो. घरी मुले आहेत, बायका वाचायला येतात, उगाच वाद नको, असे कोणी म्हणाले आणि आम्ही मान हलविली. लंडनच्या त्या सरकारी वकिलाचेच वाक्य आम्ही कोल्हापुरी बोलीत म्हटले, हे पुढे खटल्याची हकीकत वाचली तेव्हा कळले. ठराव झाला नाही, इतिवृत्तात नोंद नाही. पुस्तक लोखंडी कपाटात गेले आणि किल्ली आमच्या खिशात आली.

महिना-दीड महिन्याने फाउंड्रीतला एक पोरगा आला. पंचविशीचा असेल. इतर वेळी तो वर्गणी द्यायला येई तेव्हा मोठ्याने बोले, त्या दिवशी कपाटाकडे पाहत हळूच म्हणाला, “अण्णा, ते निळं पुस्तक कुठं गेलं ओ? माझं निम्मं राहिलंय.”

आम्ही म्हणालो, “बाइंडिंगला दिलंय.”

तो पुढे दोनदा आला. दोन्ही वेळा आम्ही तेच सांगितले. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. उन्हाळ्यात तो पुण्याकडे कामाला गेला, असे त्याच्या पाळीतले लोक म्हणाले. त्याला त्या पुस्तकात काय शोधायचे होते ते आम्हांला ठाऊक नाही. कदाचित गोष्टीचा शेवटच तेवढा हवा असेल. पण कर्व्यांच्या खटल्याविषयी वाचताना तो पोरगा आमच्यासमोर उभा राहतो. पोस्टाचे तिकीट लावून मुंबईला पत्र धाडणाराही असाच कोणी असला पाहिजे. त्याला उत्तर देणाऱ्याला सरकारने दोनशे रुपये दंड केला. आम्हांला कोणी दंड केला नाही, कारण आम्ही उत्तरच दिले नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला आणि प्रौढांच्या खुशीच्या संबंधांपुरते ते कलम गेले. त्याच आठवड्यात आम्ही कपाट उघडले. खरे म्हणजे निकालाची वाट पाहण्याचे काही कारण नव्हते. पुस्तकाला वाळवी लागलेली नव्हती. फक्त पाठीवर गंजाचा डाग पडला होता. पान एकोणऐंशीशी बसच्या तिकिटाची खूण होती. ती आम्ही तशीच ठेवली आणि पुस्तक फळीवर लावले. नोंदवहीत त्याच्यापुढे त्या पोराचे नाव अजून शेवटचे नव्हे. त्यानंतर अकरा नावे चढली आहेत, त्यांत चार बायकांची.