हॅटन्सचं शटर

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या ‘हॅटन्स मॉडेल रेल्वेज’ने व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. ७८ वर्षं चाललेलं हे दुकान. छोट्या आगगाड्यांचा छंद असलेल्या कुणालाही, मग तो विलायतेत राहो की कोथरूडला, हे नाव ठाऊक होतं. मी स्वतः त्या दुकानाची पायरी कधी चढलो नाही, तरी ती बातमी वाचून आतून हललो. असं दुकान म्हणजे फक्त माल विकायची जागा नसते, एका अख्ख्या छंदाची व्यवस्था त्याच्या आधाराने चाललेली असते. हॅटन्सच्या बाबतीत ती व्यवस्था कशी होती, ते सांगण्यासारखं आहे.

दुकान जन्मलं लिव्हरपूलमध्ये आणि तिथेच जन्मायला हवं होतं. ज्याच्या नावाने जगभर खेळण्यातली आगगाडी ओळखली जाते, तो फ्रँक हॉर्नबी याच शहराचा. पट्ट्या आणि नट-बोल्ट जोडून यंत्रं बनवायच्या खेळाचं पेटंट त्याने १९०१ मध्ये घेतलं, तोच पुढे ‘मेकॅनो’ झाला. हॉर्नबीच्या गाड्या १९२० मध्ये बाजारात आल्या, तर टेबलावर मावेल अशी छोटी ‘हॉर्नबी डब्लो’ १९३८ मध्ये. हे सगळं शहरातल्या बिन्स रोडच्या कारखान्यात तयार व्हायचं. मग महायुद्ध सुरू झालं, कारखान्याची यंत्रं युद्धाच्या कामाला जुंपली गेली आणि खेळणी बनणं थांबलं. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, नॉर्मन हॅटन यांनी दुकान काढलं. पुढची कित्येक दशकं स्मिथडाउन रोड हाच त्याचा पत्ता राहिला. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये कायमचा बंद पडला, पण दुकान त्यानंतरही चाळीसहून अधिक वर्षं टिकलं.

मला हॅटन्सचं सर्वांत मोठं काम वाटतं ते जुन्या मालाचं. नवी गाडी कुणीही विकतं. हॅटन्स लोकांचे जुने संग्रह विकत घ्यायचं. एखाद्या गृहस्थाने आयुष्यभर जमवलेली पन्नास-शंभर इंजिनं त्याच्यामागे माळ्यावर पडून असतात. घरच्यांना ना त्यांची किंमत माहीत, ना टाकून द्यायचा धीर. असा संग्रह दुकानात आला की एकेक नग रुळावर चालवून बघायचा आणि त्याची खरीखुरी अवस्था लिहून तो विक्रीला ठेवायचा: कपलिंग तुटलंय, खोका नाही, चालते पण आवाज करते. ही यादी वाचायला मला फार आवडायचं. वस्तूतला दोष आधी सांगून मग तिची किंमत सांगणारा दुकानदार मिळणं भाग्याचं असतं. शिकाऊ पोराला याच यादीतून परवडेल असं पहिलं इंजिन मिळायचं आणि गेलेल्या माणसाचा छंद दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर सुरू व्हायचा.

जुनं इंजिन पुन्हा चालतं करणं म्हणजे काय, ते टेबलापाशी बसल्याशिवाय कळत नाही. इंजिन उलटं करून मऊ फडक्यावर ठेवायचं. पोटाखालचे एक-दोन स्क्रू काढले की वरचं कवच अलगद सुटतं आणि आत तळहातावर मावेल एवढी मोटार दिसते. ती बहुतेक १२ व्होल्टवर चालते. वीज रुळातून चाकांत आणि चाकांना टेकलेल्या पातळ पितळी पट्ट्यांमधून मोटारीत जाते. रुळांतली वीज उलटी केली की गाडी मागे धावते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात तेलाचा चिकट डिंक झालेला असतो, चाकांवर काळी पुटं चढलेली असतात, कार्बनचे ब्रश झिजलेले असतात आणि पकड यावी म्हणून चाकांवर चढवलेली रबराची कडी दगडासारखी कडक झालेली असते. स्पिरिटने चाकं पुसायची, डिंक खरवडायचा, नवी कडी चढवायची, दंतचक्राला सुईच्या टोकाएवढं तेल द्यायचं. जास्त दिलं तर तेच तेल पसरून पुन्हा घाण धरतं. मग इंजिन रुळावर ठेवून हळूहळू व्होल्टेज वाढवायचं. आधी ते नुसतं थरथरतं, नंतर एक झटका खातं आणि पुढे सरकतं. त्या क्षणी होणारा आनंद मोठ्या माणसालाही लपवता येत नाही. पण तो ब्रश, ती कडी, ती पितळी पट्टी कुठून तरी मिळावी लागते, आणि ती हॅटन्ससारख्या दुकानातूनच मिळायची.

आपल्याकडच्या छंदिष्टांची अडचण याहून एक पायरी पुढची. जगात सगळ्यात जास्त चालणारा छोटा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाला ८७ ने भागलं की हाच आकडा येतो. ब्रिटिश मंडळींची इंजिनं मुळात अंगाने लहान, त्यात त्या काळच्या मोटारी मावेनात, म्हणून त्यांनी गाडी ७६ पट लहान केली आणि रूळ मात्र तोच ठेवला. त्यामुळे ब्रिटिश मॉडेल आजही खालच्या रुळाच्या मानाने किंचित थोराड दिसतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ च्या प्रमाणात तो १९ मिलिमीटरच्या थोडा वर जातो, ७६ च्या प्रमाणात थेट २२ मिलिमीटर. म्हणजे डेक्कन क्वीनचं मॉडेल तयार रुळावर ठेवलं की तिची चाकं आपोआप आत ओढली जातात. हे बघताना डोळ्यांना खुपतं. त्यावर एकच उपाय: चाकं, रूळ, सांधे सगळं स्वतः बनवा. ज्यांना ते जमत नाही ते परदेशी गाड्यांवर भागवतात.

पण बनवणारी माणसं आपल्यात झाली. कोथरूडचं ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ हा त्याचा पुरावा. भाऊसाहेब जोशींनी १९८२ मध्ये गोखले हॉलमध्ये छोट्या शहराचं प्रदर्शन मांडलं. मांडायचं, मोडायचं, पुन्हा मांडायचं, यात मॉडेलचे हाल होतात. म्हणून त्यांनी कायमच्या मांडणीचं काम हाती घेतलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडलं. तिथे वाफेच्या इंजिनापासून जर्मनीच्या वेगवान गाडीपर्यंत आणि वरून लटकत जाणाऱ्या रेल्वेपर्यंत सगळं एकाच शहरात धावतं. दिवे मालवून रात्र केली की घरांच्या खिडक्या उजळतात. मात्र मला त्या दिव्यांपेक्षा महत्त्वाची वाटते ती त्याच इमारतीतली जोशी कुटुंबाची ‘सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स’ ही कंपनी. मापनयंत्रं आणि वीज यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांच्या हाताशीच ही रेल्वे राहिली. म्हणून ती इतकी वर्षं चालू शकली, असं माझं ठाम मत आहे.

हॅटन्सला नेमकं काय नडलं? त्यांनी स्वतःच कारणं सांगितली. खर्च वाढत गेला, ग्राहकांचं वय वाढत गेलं आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मधल्या दुकानाला वगळून थेट ग्राहकाला माल विकू लागल्या. हॉर्नबी गाड्यांचं उत्पादन मधल्या काळात इंग्लंडमधल्याच मार्गेटला गेलं होतं, तिथून ते १९९० च्या दशकातच चीनला हललं. त्यानंतर मॉडेलं अधिक देखणी झाली, पण ती मोजक्या संख्येत निघू लागली. आगाऊ नोंदणी करा, वाट बघा, आणि माल संपला की संपला. अशा बाजारात दुकानदाराच्या हाती फार थोडं उरतं. हॅटन्सने हातपाय हलवले नाहीत असं मुळीच नाही. २०१६ च्या सुमारास ते लिव्हरपूल सोडून विडनेसच्या मोठ्या जागेत गेले, इंटरनेटवरची विक्री वाढवली, स्वतःचे साचे काढून ‘जेनेसिस’ नावाचे जुन्या धाटणीचे डबेही बनवले. तरी जमलं नाही. हॅटन्सने बंदची घोषणा केली त्याच महिन्यात बर्मिंगहॅमजवळ भरणारं वॉर्लीचं मोठं मॉडेल रेल्वे प्रदर्शनही यापुढे भरणार नसल्याचं आयोजक क्लबने सांगितलं.

बंद झाल्यावर हॅटन्सचे साचे दुसऱ्या कंपन्यांनी घेतले, त्यामुळे ती मॉडेलं पुढेही मिळत राहतील. माळ्यावरच्या त्या पन्नास-शंभर इंजिनांचं काय, हा प्रश्न मात्र बाकी आहे. लिलावात ठोक भावाने जाणारा संग्रह कुणी एकेक नग चालवून बघत नाही. पुण्यात, नाशकात, नागपुरातही असे संग्रह आता हळूहळू वारसांच्या हाती येऊ लागतील. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, छोट्या लेथचे कारखाने आहेत, थ्रीडी प्रिंटर तर आता शाळांतूनही दिसतात. रबराची कडी आणि पितळी पट्टी बनवणं यांतल्या कुणालाही कठीण नाही. हे काम कुणी मनावर घेतलं, तर २२ मिलिमीटरचा रूळ ओढायलाही तेच हात उपयोगी पडतील.