‘माझ्या एकटीने काय होणार?’

दुपारची आवराआवर झाली की जिन्यात, नाहीतर गॅलरीत उभ्या उभ्या आपण काय काय बोलतो! टँकर पुन्हा आलाच नाही, शाळेने फी वाढवली, कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानामुळे मुलींना संध्याकाळी क्लासला पाठवायची सोय राहिली नाही. मग कुणीतरी म्हणते, ‘आपण सगळ्या मिळून जाऊ या की!’ सगळ्या माना डोलावतात आणि ज्या-त्या आपापल्या घरी जातात.

हा काही आळस नव्हे, बरं का. प्रत्येकीची मनातून समजूत असते की खरी चिडलेली मीच एकटी, बाकीच्या आपल्या तोंडदेखलं ‘हो हो’ म्हणतात. गंमत म्हणजे बाकीच्यांनाही आपल्याबद्दल नेमके हेच वाटत असते! समाजमानसशास्त्रात या गैरसमजाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. मला मात्र तो पुस्तकापेक्षा मुंबईच्या लाटण्यांवरून जास्त कळला.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळेच महागले आणि मिळेनासेही झाले. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. मोर्चात हातात काय, तर लाटणे! आणि ज्यांना घर सोडून येणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी थाळीनाद. ठरलेल्या वेळी आपापल्या घरीच थाळी बडवायची.

या थाळीचं मला फार कौतुक वाटतं. ती वाजवायला सासूबाईंची परवानगी लागत नाही, लोकलचे तिकीट लागत नाही, पोळ्या टाकायच्या राहत नाहीत. पण खरी गोष्ट पुढेच आहे. माझी पिशवी दुकानातून रिकामी आली हे मला माहीत असते, तुमची आली हे तुम्हाला. थाळ्या वाजल्या की माझा राग तुम्हाला कळतो, तुमचा मला. आणि तो तुम्हाला कळला आहे, हेही मला कळते. सरकारच्या कानावर आवाज जाईल तेव्हा जाईल, आधी तो शेजारच्या खोलीत जातो. मग पुढच्या मोर्चाला निघताना शेजारणीला हाक मारायला भीड वाटत नाही.

थाळ्या वाजल्या म्हणून महागाई संपली, असे मात्र झाले नाही. १९७५ मध्ये आणीबाणी आली, नेत्या तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.

जोडीला एक माणूस मिळाले तरी केवढा फरक पडतो, हे सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास अमेरिकेत दाखवले. नमुन्याएवढी रेघ कोणती ते सांगायचे, बालवाडीतले मूलही सांगेल! पण गटातले बाकीचे पढवलेले, ते मुद्दाम चुकीची रेघ सांगत. ज्याची परीक्षा घ्यायची तो एकटा. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाच्या मागे वाहवत गेली. मग गटात खरे उत्तर देणारा फक्त एक जण ठेवला, तर हे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास उतरले. (परीक्षा दिलेले सगळे कॉलेजातले तरुण मुलगे होते, हेही सांगून ठेवते!)

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली आणखी एक हिशेब मांडला. समजा, शंभर माणसे आहेत. पहिला कुणाची वाट न पाहता उठतो, दुसरा एक जण उठल्यावर, तिसरा दोघे उठल्यावर. असे करत शंभरही उठतात. आता त्या दुसऱ्याच्या जागी ‘दोघे उठल्याशिवाय मी नाही’ म्हणणारा बसवा. पहिला एकटाच उभा! बाहेरचा म्हणेल, यांना कशाची पर्वाच नाही. आणि माणसे तर जवळजवळ तीच. पुढारी बाईचा सत्कार आपण करतो, पण तिच्यामागे लगेच उठलेली ती दुसरी कोण होती, हे कुणी विचारतच नाही.

दारूच्या दुकानाचेच घ्या. आपल्या राज्यात ते बंद करण्यासाठी बायकांचे मतदान घेता येते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. आडवीला निम्म्याहून जास्त मते लागतात, तीही पडलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदार बायकांच्या. म्हणजे घरी बसलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला! मत गुप्त असते, नवऱ्याला कळत नाही. पण मतदान मागायच्या अर्जावर सही उघड करावी लागते, आणि गाडे तिथेच अडते.

तेव्हा कोरा कागद घेऊन एकटीने दारोदार फिरू नका. आधी भिशीत किंवा हळदीकुंकवाला विश्वासातल्या तिघी-चौघींच्या सह्या घ्या आणि मगच पुढचे दार वाजवा. चार नावांखाली पाचवे लिहायला हात अडखळत नाही. मुलांना कोण सांभाळणार, तेही आधीच ठरवा. आणि सभेसाठी नळाची वेळ टाळा! पाणी यायच्या वेळी बोलावले तर कुणी फिरकत नाही, आणि आलेल्या दोघींना वाटते, बाकीच्यांना काही पडलेलीच नाही.