किचनच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट, मार्बल की कडप्पा? दगड घेण्याआधी 'या' गोष्टी तपासा

रंग पसंत पडला नाही तर भिंत पुन्हा रंगवता येते. ओट्याचं तसं नाही. एकदा बसवलेला दगड काढायचा म्हणजे सिंक, शेगडी, टाइल्स सगळंच उखडावं लागतं. तरीही अनेकजण दुकानात फक्त रंग आणि चकाकी पाहून दगड ठरवतात. मग नेमकं काय पाहायचं? समजून घेऊया.

तीन दगडांत फरक काय?

ग्रॅनाइट : पृथ्वीच्या पोटात शिलारस हळूहळू थंड होऊन हा दगड तयार होतो. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजं असतात. कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापावर तो साधारण ६ ते ७ वर येतो. त्यामुळे सुरीचे ओरखडे सहसा पडत नाहीत. गरम कुकर ठेवला तरी तो सहसा बिघडत नाही.

मार्बल : दिसायला देखणा, पण मुख्यतः कॅल्साइटचा बनलेला. मोह्स मापावर जेमतेम ३. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, व्हिनेगर यांतलं आम्ल कॅल्साइटला खातं आणि तिथली चकाकी जाते. हा डाग नसून दगडाचा पृष्ठभागच झिजलेला असतो. त्यामुळे घासून उपयोग नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं.

कडप्पा : आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा काळा चुनखडी दगड. स्वस्त असल्याने महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत ओटे आणि मांडण्या याच्याच असत. मार्बलप्रमाणे यालाही आंबट पदार्थ मानवत नाहीत. आता तो बहुतेकदा ग्रॅनाइटच्या खाली आधार म्हणून वापरला जातो.

रोज फोडणी, हळद आणि लिंबू असलेल्या आपल्या स्वयंपाकघरासाठी ग्रॅनाइट हाच सोयीचा पर्याय ठरतो. त्यातही गडद रंगावर हळदीचे, तेलाचे डाग कमी दिसतात. फिका रंग हवाच असेल तर सीलर लावून घ्यावा आणि तो ठरावीक काळाने पुन्हा लावावा. मात्र सीलर डाग रोखतो, मार्बलवरचा आम्लाचा परिणाम रोखत नाही.

नावावर विश्वास ठेवायचा का?

बाजारात 'ग्रॅनाइट' हा शब्द सैलपणे वापरला जातो. आंध्र प्रदेशातल्या चिमाकुर्तीचा प्रसिद्ध 'ब्लॅक गॅलेक्सी' भूशास्त्रानुसार ग्रॅनाइट नसून गॅब्रो गटातला दगड आहे. ओट्यासाठी तो चांगलाच आहे. पण यावरून एक गोष्ट कळते : नाव ऐकून नव्हे, दगड तपासून घ्यावा.

दुकानात करता येतील अशा ४ चाचण्या

१. पाणी : दगडावर पाण्याचे थेंब टाकून १०-१५ मिनिटं थांबा. तिथे गडद ठसा उमटला तर दगड पाणी शोषतो.

२. लिंबू : दुकानदाराकडून तुकडा मागून त्यावर लिंबाचा रस टाका. काही मिनिटांनी पुसल्यावर चकाकी गेली असेल तर त्यात कॅल्साइट आहे.

३. नेलपेंट रिमूव्हर : अ‍ॅसिटोन असलेलं रिमूव्हर पांढऱ्या कापडावर घेऊन काळ्या दगडावर घासा. कापड काळं झालं तर दगडाला रंग दिलेला आहे. असा रंग पुढे फिका पडतो.

४. नख : रेषेवरून नख फिरवा. नख अडकलं तर ती नैसर्गिक शीर नसून तडा असण्याची शक्यता जास्त.

लहान नमुना पाहून ऑर्डर देऊ नका. नैसर्गिक दगडाचा प्रत्येक स्लॅब वेगळा असतो. पूर्ण स्लॅब पाहा, त्याचा फोटो काढा आणि जाडीही टेपने मोजून घ्या.

हिशेब कुठे चुकतो?

समजा, एल आकाराचा ओटा आहे. एका भिंतीला ८ फूट, दुसरीला ६ फूट, रुंदी २ फूट. दोन्ही लांबी जोडून १४ गुणिले २ केलं तर २८ चौरस फूट होतात. पण यात कोपरा दोनदा मोजला गेला. प्रत्यक्षात ओटा २४ चौरस फुटांचाच आहे. कापताना वाया जाणारा दगड, कडेचं मोल्डिंग, सिंक आणि शेगडीचं कटिंग, मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या.

धुळीकडे दुर्लक्ष नको

ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होऊ शकतो आणि हा आजार बरा होत नाही. सिलिकाचं प्रमाण जास्त असलेल्या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, ती याच कारणाने. नैसर्गिक ग्रॅनाइटमध्ये हे प्रमाण तुलनेने कमी असतं, पण धोका असतोच. म्हणून कटिंग पाणी सोडून, शक्यतो घराबाहेर आणि योग्य मास्क लावूनच व्हावं, हे काम देतानाच ठरवा. कारागीर कोरडं कापत असेल तर थांबवा. ती धूळ त्याच्या छातीत जाते आणि घरातल्यांच्याही.

ओटा बसवताना सिंकच्या पुढची-मागची अरुंद पट्टी सर्वात आधी तडकते. तिच्याखाली आधार दिलाय ना, हे दगड चिकटवण्याआधीच पाहून घ्या.