गप्प बसवलेले जनुक

सिकलसेल या रक्ताच्या आजाराची दोन्ही सदोष जनुके घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने इतर बाळांसारखेच ठणठणीत असते. हातापायाची बोटे सुजणे, वेदनेने कळवळणे, वारंवार ताप येणे हे सारे साधारण सहा महिन्यांच्या सुमारास सुरू होते. जनुके तर गर्भधारणेपासून तीच आहेत. मग मधल्या काळात काय बदलते? ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये या प्रश्नाकडे लक्ष वेधले. नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी फारच कमी सापडतात आणि त्याचे कारण गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असावे, असा त्यांचा तर्क होता. तो खरा ठरला. या तर्काच्या मागोमाग गेले, की अंगात कोणती जनुके आहेत यावरच सगळे ठरते, ही आपली समजूत तोकडी पडते. जनुक कुठे, केव्हा आणि किती काम करते, याला निदान तेवढेच महत्त्व आहे.

यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्यातला डीएनए जवळजवळ सारखाच असतो. तरीही एक पित्त बनवते आणि दुसरी संदेश वाहते, कारण दोघींत वेगवेगळी जनुके चालू असतात. प्रथिने घडवणारी जनुके माणसात सुमारे २०,००० आहेत. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीतही ती जवळपास तेवढीच भरतात. तेव्हा माणूस आणि कृमी यांतला फरक नुसत्या संख्येने उलगडत नाही. जनुकांवर नियंत्रण असते, हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये मांडले, तेही आतड्यातल्या एका साध्या जिवाणूच्या आधारे. दुधातली साखर पचवणारी जनुके या जिवाणूत असतातच, पण एक प्रथिन डीएनएवर बसून ती अडवून धरते. साखर आली की ते प्रथिन बाजूला होते आणि काम सुरू होते. या कामासाठी त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह १९६५ चे नोबेल मिळाले.

माणसाच्या रक्तात याच तत्त्वाचे फार गुंतागुंतीचे रूप दिसते. प्रौढांच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा असते. गॅमा आणि बीटाची जनुके ११ व्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत आणि आयुष्यात ज्या क्रमाने ती कामाला लागतात, त्याच क्रमाने मांडलेली आहेत. जन्माच्या आसपास गॅमाचे काम मंदावते आणि बीटाचे वाढते. सिकलसेलचा दोष बीटात असल्याने आजार तेव्हाच उघडा पडतो. गॅमाचे जनुक मात्र रुग्णाच्या प्रत्येक मूळ पेशीत शाबूत असते, त्याला फक्त गप्प बसवलेले असते. ते गप्प बसवण्यात बीसीएल११ए नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा आहे, हे २००८ मध्ये विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

यावर कोणी म्हणेल, की मुळात सिकलसेल होतो तो जनुकाच्या एका अक्षरात चूक झाल्यामुळे, मग शेवटी अक्षरेच महत्त्वाची नाहीत का? अक्षर महत्त्वाचे आहे, यात वाद नाही. पण तीच चूक असूनही ज्यांच्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतरही मोठ्या प्रमाणात टिकून राहते, त्यांना त्रास फारच कमी होतो. आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेल्या कॅसजेवी या उपचारात ते चुकीचे अक्षर दुरुस्त केलेच जात नाही. बीसीएल११ए हे प्रथिन मेंदूला आणि रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींनाही लागते, म्हणून त्याचे जनुक सरसकट मोडणे धोक्याचे. पण त्या जनुकाच्या आत एक छोटा टापू असा आहे, जो ते केवळ लाल रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत चालवतो. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने तेवढाच टापू कापतात, म्हणजे गॅमावरचा अंकुश सुटतो. चाचणीत पुरेसा काळ पाहणी झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर वेदनेचा तीव्र झटका आला नाही. माझ्या मते नियंत्रणाचे महत्त्व सांगणारा याहून ठोस पुरावा मिळणे कठीण.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा. जनुके चालू-बंद होत असतील, तर आहार, ध्यान किंवा एखादा काढा यांनी ती आपणच हवी तशी का चालवू नयेत? परिसराचा परिणाम होतो, जिवाणूचे उदाहरण तेच सांगते. पण नियंत्रणाची ठिकाणेही डीएनएतच लिहिलेली असतात आणि ती इच्छेने बदलत नाहीत. ‘जनुके जागी करणारे’ औषध म्हणून काही विकले जात असेल, तर रक्तातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन किती टक्क्यांनी वाढले हे विचारावे. हायड्रॉक्सीयुरिया या जुन्या गोळीने ते अनेक रुग्णांत वाढते, हे मोजून सिद्ध झाले आहे.

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. कॅसजेवीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे, शिवाय त्याआधी तीव्र केमोथेरपी सोसावी लागते. त्यामुळे इथल्या बहुतेक कुटुंबांना आज आधार आहे तो हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीचाच. एसएस म्हणजे दोन्ही सदोष जनुके असलेल्या रुग्णाने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, नियमित घ्यावी आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. आई-वडील दोघेही एएस म्हणजे एकच सदोष जनुक असलेले वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून या भागातल्या मुलामुलींनी लग्नाआधी रक्ताची तपासणी जरूर करून घ्यावी.