दोन आठवड्यांपूर्वी आपण कसे होता?

पोटाचे ऑपरेशन दोन तऱ्हेने होते. एक ठरवून: तारीख मिळते, तपासण्या होतात, मुले सुट्टी घेतात. दुसरे रात्री-अपरात्री करावे लागते. आतड्याला पीळ पडतो, हर्नियात आतडे अडकते, नाहीतर जठरातला अल्सर फुटतो, आणि हातात काही तासच उरतात. मी इथे इस्रायलमध्ये सर्जरी वॉर्डात पुष्कळ वर्षे नर्स होते. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाबद्दल डॉक्टर वयाखेरीज आणखी एक गोष्ट विचारतात: दोन आठवड्यांपूर्वी तुमची तब्येत कशी होती?

या प्रश्नामागे जी गोष्ट आहे तिला डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणतात. हा एखादा आजार नव्हे, नुसते म्हातारपणही नव्हे. शरीराच्या खात्यात शिल्लक किती, एवढाच त्याचा अर्थ. ८२ वर्षांच्या दोन बायका घ्या. एक बसने बाजारात जाते, भाजीची पिशवी स्वतः उचलून आणते. दुसरी घरातच धरून धरून चालते, गोळ्या सून काढून देते. वय तेच, पण मोठा खर्च अंगावर आला तर दुसरीच्या खात्यात काढायला काही नाही. आणि ऑपरेशन हा फार मोठा खर्च आहे.

ही शिल्लक मोजायला कॅनडातल्या डॉ. केनेथ रॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक मोजपट्टी छापली. आता तिच्यात ९ पायऱ्या आहेत. पहिलीवर धडधाकट माणूस. पाचवीवर ज्याला पैशांचे व्यवहार, औषधे, बाहेर जाणे यांत मदत लागते तो. सहावीवर आंघोळीलाही कुणी लागू शकते. मात्र ही पायरी आजच्या अवस्थेवरून ठरवायची नसते. स्ट्रेचरवर कण्हणारा कुठलाही माणूस दुबळाच दिसतो, म्हणून आजारापूर्वीचे विचारतात.

इंग्लंड आणि आसपासच्या ४९ इस्पितळांत ६५ वर्षांवरील ९३७ रुग्णांची अशी पाहणी झाली. सगळ्यांचे पोटाचे तातडीचे ऑपरेशन झाले होते. त्यांत पाचातला एक फ्रेल होता. वयाचा हिशेब वेगळा काढल्यावरही ९० दिवसांत मृत्यूचा धोका फ्रेल रुग्णांना कितीतरी जास्त निघाला.

आपल्या मंडळींची उत्तरे मी खूप ऐकली आहेत. मुलगा म्हणतो, "आई एकदम ठणठणीत आहे." त्याला भीती असते की खरे सांगितले तर आईकडे लक्ष देणार नाहीत. उलट एखादे अंकल, जे रोज तासभर चालतात, ते म्हणतात, "आता काय राहिलंय माझ्यात!" दोन्ही उत्तरांनी नुकसान होते. फ्रेल म्हटले की ऑपरेशन नाही, असे नसते. उलट वृद्धांचे डॉक्टर लवकर बोलावता येतात, अतिदक्षता विभागात खाट राखता येते, दुसऱ्या दिवसापासून उठवून बसवणे आणि खाण्याकडे बघणे सुरू होते. आणि एक अवघड बोलणेही वेळेवर होते: जगलो तरी पुन्हा एकटे राहता येईल का, आणि नाही आले तर ते मला चालेल का? काहीजण विचार करून ऑपरेशन नको म्हणतात. त्यांच्या वेदना कमी ठेवण्याचे उपचार चालूच राहतात.

दुसरी गोष्ट भाषेची. ऑपरेशननंतर म्हातारी माणसे काही दिवस भ्रमात जाऊ शकतात. अशा वेळी कधी कधी नंतर शिकलेली हिब्रू मागे पडते आणि तोंडातून मराठीच येते. तिला फक्त "पाणी दे गं" म्हणायचे असते, पण वॉर्डात सगळ्यांना वाटते ती बरळते आहे. म्हणून घरच्या कुणीतरी जवळ बसून मराठीत बोलावे. चष्मा, कानाचे यंत्र, कवळी पहिल्याच दिवशी नेऊन द्यावी. ही साधी कामे औषधाइतकी उपयोगी पडतात.

आणि उशीर करू नका. म्हातारपणी पोट आतून बिघडले तरी दुखणे बेताचेच असू शकते, तापही येत नाही. उलट्या, फुगलेले पोट, वारा न सरणे, अचानक गोंधळल्यासारखे वागणे, यांतले काही दिसले तर हिंग-ओव्याचे पाणी पिऊन सकाळची वाट पाहू नका. १०१ला फोन करा, शाबाथ असला तरी. जिवाच्या बाबतीत शाबाथ आडवा येत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आज एक कागद करून ठेवा. नातवंडाकडून हिब्रूत लिहून घ्या: मी किती चालतो, जिने चढतो का, आंघोळ, स्वयंपाक, औषधे कोण बघते, मागच्या वर्षात किती वेळा पडलो, रक्त पातळ करणारी गोळी घेतो का. खाली घरच्यांचा फोन, आणि मी बोलू शकलो नाही तर कोणाला विचारायचे त्याचे नाव. कायद्याने अधिकार द्यायचा असेल तर वकिलाकडून 'यिपुय कोआख मित्माशेख' करता येते. कागद फ्रिजच्या दारावर लावा. तब्येत बदलली की नवा लिहा, आणि जुना फाडून टाका. दोन कागद सापडले की मिऊनमध्ये नुसता गोंधळ होतो.