उंट देऊन मिळवलेली एक चाल

१९९८ साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत बल्गेरियाचा व्हेसेलिन टोपालोव आणि अलेक्सी शिरोव यांचा डाव ४७व्या चालीवर आला, तेव्हा पट जवळजवळ रिकामा झाला होता. पांढऱ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या टोपालोवकडे राजा, एक उंट आणि दोन प्यादी होती. काळ्या सोंगट्यांच्या शिरोवकडे राजा, एक उंट आणि चार प्यादी. दोन प्यादी जास्त असूनही शिरोवचा विजय नक्की नव्हता, कारण दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर फिरणारे होते. एकाने आपल्या उंटाच्या रंगाच्या घरांवर पक्का पहारा बसवला, की दुसऱ्याच्या उंटाला तो मोडता येत नाही. असे कितीतरी डाव बरोबरीत सुटतात. शिरोवने उंट उचलला आणि एच३ या घरावर, थेट शत्रूच्या प्याद्यासमोर मारायला ठेवला. पुढच्या सहा चालींत टोपालोवने डाव सोडला.

डच लेखक टिम क्रॅबे यांनी बुद्धिबळातल्या सर्वांत विलक्षण चालींची यादी केली, तिच्यात ही चाल पहिल्या क्रमांकावर आहे. संगणकाचे बुद्धिबळ घडवणाऱ्यांनीही ही स्थिती उचलून धरली. नवा प्रोग्रॅम तयार झाला, की त्याच्यापुढे ती मांडायची आणि त्याला एच३ सापडते का, हे पाहायचे. ही कसोटी नेमकी कशाची, हे समजून घेतले तर यंत्र कसे विचार करते याचा सुंदर उलगडा होतो.

शर्यत एका घरासाठी

पट असेल तर मांडूनच पाहा. पांढरा राजा जी१ वर, उंट सी३ वर, प्यादी जी२ आणि एच४ वर. काळा राजा ई६ वर, उंट एफ५ वर, प्यादी ए४, डी५, एफ६ आणि जी६ वर. चाल काळ्याची.

सगळा डाव ई४ या घरावर ठरतो. काळा राजा तिथे पोहोचला, तर डी आणि ए स्तंभांतली त्याची प्यादी पुढे सरकू शकतात आणि पांढऱ्या राजाला त्यांच्यापर्यंत येता येत नाही. पांढरा राजा आधी ई३ वर आला, तर वाट बंद. पांढऱ्या राजाला ई३ गाठायला दोन चाली लागतात. काळ्या राजालाही ई४ गाठायला दोनच. पण त्याचा रस्ता अडलेला आहे. ई५ वर पांढऱ्या उंटाचा मारा आहे, डी५ वर स्वतःचे प्यादे आहे, उरते एफ५. आणि तिथे बसला आहे स्वतःचाच उंट.

म्हणजे उंटाला हलवायलाच हवे, आणि त्यात एक चाल खर्च होणार. शत्रूलाही एक चाल खर्च करायला लावली, तरच शर्यत जिंकता येते. उंट ई४ वर नेला तर जी२च्या प्याद्यावर मारा होतो, पण हवे तेच घर अडते. एच३ वरून मात्र तोच मारा होतो आणि रस्ताही मोकळा राहतो. पांढऱ्याने उंट मारला, तर त्याची चाल तिथेच खर्ची पडते: काळा राजा एफ५, पांढरा राजा एफ२, काळा राजा ई४. न मारता राजा एफ२ वर आणला आणि मग एफ३ वरून ई४ची राखण केली, तर उंट जी२चे प्यादे मारून शह देतो. पांढऱ्या राजाला तो उंट मारण्यासाठी मागे जावे लागते आणि ई४ पुन्हा मोकळे होते. शिरोवने अख्खा उंट दिला तो एका चालीच्या बदल्यात. पुढे पांढरा उंट एकटा पडतो, आणि ए व डी स्तंभांतल्या दोन प्याद्यांना एकाच वेळी थोपवणे त्याला शक्य होत नाही.

यंत्र कुठे अडते

संगणक चालींचे झाड उभे करतो: माझी चाल, तिला शत्रूची सगळी उत्तरे, त्यांना पुन्हा माझी उत्तरे. झाडाच्या टोकाला पोहोचले, की त्या स्थितीला तो गुण देतो. लिनारेसच्या डावात उंटाच्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत दोन्ही बाजूंच्या मिळून १३ चाली झाल्या. दर वेळी सरासरी १५ पर्याय धरले, तर १३ चालींच्या झाडाला सुमारे १,९०० लाख कोटी टोके येतात. अल्फा-बीटा नावाची छाटणीची पद्धत हा पसारा आवरते. एखादी चाल आधी सापडलेल्या चालीहून वाईट आहे हे सिद्ध झाले, की तिच्या उरलेल्या फांद्या पाहायच्याच नाहीत. सर्वोत्तम चाल प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा तपासली गेली, तर याच झाडाची फक्त १८ कोटींच्या आसपास टोके पाहावी लागतात.

बलिदानाची अडचण इथेच येते. कोणती चाल आधी पाहायची, हे प्रोग्रॅम अंदाजाने ठरवतो, आणि फुकट उंट देणारी चाल त्या रांगेत मागे जाते. २००० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या आणखी एका युक्तीने ही अडचण वाढली: रांगेत मागे असलेल्या चाली कमी खोलीपर्यंतच तपासायच्या. एरवी ही युक्ती अतिशय फायद्याची आहे. वाचलेला वेळ चांगल्या चालींच्या वाट्याला येतो आणि प्रोग्रॅम खूप पुढचे पाहू लागतो. पण ज्या चालीचे फळ फार उशिरा मिळते, तिलाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

त्यात गुण देण्यातली गफलत मिसळते. काळ्याकडे मुळातच दोन प्यादी जास्त आहेत. त्यामुळे प्यादी आणि मोहरी मोजणाऱ्या साध्या हिशेबाला काळ्याची जवळजवळ प्रत्येक शांत चाल फायद्याचीच दिसते. हातातला फायदा बरोबरीत विरघळणार आहे, हे त्या आकड्यात कुठेच उमटत नाही. मग उंट देण्याचे कारणच काय? अमेरिकी संशोधक हान्स बर्लिनर यांनी १९७०च्या दशकात याच स्वभावाला क्षितिजाची उपमा दिली: तपासणीच्या कक्षेपलीकडे जे घडते, ते यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसते.

कसोटी घ्यायची कशी

स्थिती प्रोग्रॅमला देण्यासाठी एका ओळीची लिपी आहे. तिचे मूळ १९व्या शतकात डेव्हिड फोर्साइथ या स्कॉटिश पत्रकाराने वृत्तपत्रांतल्या बुद्धिबळासाठी बसवले. स्थितीसोबत अपेक्षित चाल लिहून ठेवतात आणि प्रोग्रॅमला ठरावीक वेळ देतात. चाल किती वेळात सापडली याची नोंद होते, पण तेवढी नोंद अपुरी आहे. सापडलेली चाल शेवटपर्यंत टिकली का? गुण खरोखर उडी मारून वर गेला का, की दोन सारख्याच वाटणाऱ्या चालींतून ती निव्वळ योगायोगाने निवडली गेली? प्रोग्रॅमने दाखवलेल्या पुढच्या चालींत राजा ई४ला जातो का? उत्तर बरोबर आणि कारण चुकीचे असेल, तर ती कसोटी पार झाली असे मानू नये.

यंत्राची जुनी स्मृती पुसूनच प्रत्येक चाचणी करावी लागते, नाहीतर मागच्या खेपेचे निष्कर्ष पुढच्या खेपेत मदतीला येतात. प्रोसेसरचे अनेक गाभे एकत्र वापरले, तर दर वेळी निराळा वेळ लागू शकतो. म्हणून एकाच चाचणीवर विसंबता येत नाही. अंतिम टप्प्यांची तयार उत्तरे साठवलेले कोशही बंद ठेवलेले बरे. सात सोंगट्यांपर्यंतच्या स्थितींचा पहिला संपूर्ण कोश मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव महासंगणकावर २०१२ साली तयार झाला. शिरोवच्या स्थितीत १० सोंगट्या आहेत, म्हणजे तीन मारामाऱ्या झाल्या की कोश उत्तर देऊ लागतो. तेव्हा आपण प्रोग्रॅमचा शोध तपासत नसून कोशाची पाने तपासत असतो.

एकच कोडे दोन घराण्यांची यंत्रे कशी वेगळी वागतात, हेही दाखवते. डच रचनाकार गेस व्हान ब्रॉयकेलेन यांची एक रचना प्लास्केटचे कोडे म्हणून गाजली आहे. तिच्यात पांढरा नवा वजीर करतो आणि लगेच देऊन टाकतो, तर काळ्याला बचावासाठी प्याद्यांचे वजीर न करता घोडे करावे लागतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात त्या कोड्यावर स्टॉकफिश आणि लीला चेस झीरो या दोन प्रोग्रॅमांची तुलना केली गेली. प्रचंड संख्येने स्थिती तपासणारे स्टॉकफिश सरस ठरले. लीला मोजक्या स्थिती पाहते आणि शिकून घडलेल्या जाणिवेवर भर देते. पण जिथे जाणीवच चकवा देते, तिथे तिला मोठ्या संख्येची जोड कमी पडते.

यावरून स्टॉकफिश सर्वत्र श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. एका कोड्याने खेळाची ताकद मोजता येत नाही. बलिदाने लवकर सापडावीत म्हणून प्रोग्रॅम बदलला, तर तो उरलेल्या साध्या स्थितींत मंदावू शकतो, आणि डाव मुख्यतः साध्या स्थितींचेच असतात. म्हणून स्टॉकफिशचे निर्माते २०१३पासून फिशटेस्ट ही व्यवस्था वापरतात. जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक तिला देतात, नवी आणि जुनी आवृत्ती हजारो डाव एकमेकींशी खेळतात, आणि पुरावा पुरेसा जमला आहे का हे संख्याशास्त्र ठरवते.

मग अवघड स्थितींचे काम काय? माझ्या मते त्यांचे काम मोठे आहे. हजारो डावांचा निकाल प्रोग्रॅम किती बलवान आहे हे सांगतो, पण तो कशाकडे पाहत नाही हे सांगत नाही. ते अशी एकच स्थिती सांगते. अट एवढीच, की ती पेपर फुटलेली परीक्षा होऊ नये. शिरोवची चाल जगजाहीर आहे, आणि गाजलेल्या स्थितींवर चांगले दिसावे म्हणून प्रोग्रॅमची घडण बेतण्याचा मोह होऊ शकतो.

त्यावर सोपा उपाय आहे. किल्लेकोटाचा प्रश्न नसेल, तर पटाची डावी बाजू उजवीकडे फिरवली तरी खेळ तंतोतंत तोच राहतो. मग उंटाची चाल ए३ होते. दुसरा बदल आणखी बोलका आहे. पांढरा राजा जी१ ऐवजी एफ२ वर ठेवा. बाकी सारे तसेच. आता उंट एच३ वर दिला आणि पांढऱ्याने तो मारला, तर काळा राजा एफ५ वर येताच पांढरा राजा एका चालीत ई३ गाठून ई४ बंद करतो, आणि उंट फुकट जातो. खरे समजलेला प्रोग्रॅम पहिल्या स्थितीत उंट देईल, दुसऱ्या स्थितीत राखेल. दोन्ही ठिकाणी देणारा प्रोग्रॅम फक्त चाल ओळखतो, तिचे कारण ओळखत नाही. आज आपण भाषांतरापासून रोगनिदानापर्यंत कितीतरी निर्णय यंत्रांवर सोपवत आहोत. बरोबर उत्तर देणाऱ्या यंत्रापुढे उत्तर बदलायला लावणारा जुळा प्रश्न ठेवायचा, हा बुद्धिबळाने घालून दिलेला धडा त्या प्रत्येक ठिकाणी लागू पडतो.